बिघडलं, आणि तसंच राहू दिलं : रॉक-पॉपमधले घोळ

तुटकी_तार (सोमवार, रात्री ११:१०)

'रॉकच्या इतिहासातले दहा थोर क्षण' छापाच्या याद्या दर दोन महिन्यांनी कुठून तरी उगवतात आणि त्यात तीच ती मंडळी त्याच त्या क्रमाने उभी असतात. मला वेगळं काहीतरी हवंय. ठरवलं एक, झालं भलतंच, आणि पुढे सगळ्या जगाने त्या भलत्याचीच नक्कल केली, असे प्रसंग. थोडक्यात, घोळ.

सुरुवात मीच करतो.

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराच्या काठी. डीप पर्पल हा इंग्रज बँड तिथे नवा अल्बम रेकॉर्ड करायला आलेला. गावातला कॅसिनो हिवाळ्यात बंद असतो, म्हणून ती रिकामी इमारत वापरायची आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत सगळी यंत्रं बसवलेला ट्रक, उभा करायचा, असा बेत. हंगामातला शेवटचा एक कार्यक्रम तेवढा बाकी होता, फ्रँक झॅपाचा. पर्पलवाले तो ऐकायला जाऊन बसले. वाजवणं रंगात आलेलं असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली. (गाणं ऐकायला जाताना खिशात फ्लेअर गन कोण ठेवतं, हा प्रश्न मला वीस वर्षं छळतोय.) छताने पेट घेतला. माँत्रो जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स स्वतः आत शिरून पोरांना बाहेर ओढत होता. जीव कुणाचाही गेला नाही, पण झॅपाची वाद्यं गेली आणि कॅसिनोचा कोळसा झाला.

पर्पलवाले हॉटेलच्या खिडकीत बसून सरोवरावर पसरलेला धूर बघत राहिले. रेकॉर्डिंगचं बूड मोडलेलं.

मग नोब्सने त्यांना पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री एका नव्या चालीचं वाजवणं सुरू झालं आणि अख्खा शेजार अंथरुणात उठून बसला. पोलीस आले. आत टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची एक फेरी, चालू, बाहेर पोलीस दार बडवतायत, आणि बँडचे रोडी, म्हणजे सामान वाहणारे गडी, आतून दार दाबून उभे! टेक संपला, दार उघडलं, सगळ्यांची उचलबांगडी. तेवढा एक ट्रॅक मात्र पदरात पडला. पुढचं काम त्यांनी हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या उभ्या करून उरकलं.

शेवटी हिशेब केला तर अल्बमला एक गाणं कमी पडत होतं. तेव्हा तो पॅव्हिलियनमधला ट्रॅक आठवला. बासवाल्या रॉजर ग्लोव्हरला आगीनंतर एका सकाळी जाग येता येता तोंडात शब्द आले होते, 'स्मोक ऑन द वॉटर'. लोकांना हे नशापाण्याचं गाणं वाटेल अशी भीती होती, म्हणून आधी बाजूला ठेवलेले. आता त्याखाली बाकीचे शब्द लिहिले: कुठे आलो, कोण वाजवत होतं, आग कशी लागली, माणसं कुणी बाहेर काढली. पंचनाम्याला चाल लावलीय नुसती. मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' अल्बम बाजारात आला. आज कुठल्याही गिटारच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा, कुणीतरी हेच वाजवत असतं.

आता तुमचे घोळ येऊ द्या. अट एकच, घोळ खरा हवा. फॉरवर्डमधला नको.

---

कोकणकडा (सोमवार, रात्री ११:३१)

पयला!

झॅपाची साडेसाती एवढ्यावर सुटली नाही. आगीनंतर सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरात एका माणसाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं, थेट वादकांच्या खड्ड्यात. कित्येक महिने चाकाच्या खुर्चीत काढले. बरा झाला तेव्हा गळ्याला झालेल्या इजेमुळे आवाजच खाली उतरलेला. नंतरच्या रेकॉर्डवर ऐकू येतो तो जाड आवाज हा असा मिळालेला.

---

नवशिका_नील (सोमवार, रात्री ११:४८)

काका, मी महिन्यापूर्वी गिटार घेतली. हेच वाजवतोय, एका तारेवर, शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच. पण ओरिजिनलसारखं भरीव येत नाही. गिटार स्वस्तातली आहे म्हणून का?

---

साऊंडवाला_काका (मंगळवार, पहाटे ५:५०)

नील, गिटारला नावं ठेवू नकोस. ते एका तारेचं नाहीच. तिसरी आणि चौथी तार दोन्ही एकदम छेडायच्या. आणि पिकने नाही. पिक एक तार मारून मग दुसरीवर जातं, मध्ये केसभर का होईना अंतर पडतं. रिची ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांच्या चिमटीत धरून ओढतो, म्हणून ते दोन सूर एकाच दाराने बाहेर येतात. करून बघ आणि सांग.

आता धाग्याबद्दल. बावीस वर्षं साऊंडची लाईन केली. ऑर्केस्ट्रा, लग्न, गणपती, एकदा तर राजकीय सभेत नेत्याच्या हातातला माईक गेला आणि मी जनरेटरमागे लपलो होतो. त्यामुळे बिघाड या विषयावर माझा अधिकार आहे असं समजून लिहितो.

तुम्ही जे गिटारचं फाटकं, खरखरीत गुरगुरणं ऐकता, ज्याला फझ म्हणतात, त्याचा एक मोठा जन्म चक्क नादुरुस्त मिक्सरमधून झालाय. नॅशव्हिल, मार्टी रॉबिन्स नावाचा गायक, गाणं 'डोन्ट वरी'. साधं कंट्री गाणं, डोळे मिटून ऐकावं असं. मध्ये ग्रेडी मार्टिनचा सहा तारांच्या बासचा तुकडा आहे. तो ज्या चॅनलमधून घेत होते त्यातला ट्रान्सफॉर्मर गेला होता. आवाज असा आला की पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडलाय. माझ्या मिक्सरवर असं झालं असतं तर मी पहिल्यांदा कॉर्ड बदलली असती, मग जॅक, मग चॅनल, मग पोराला शिव्या. त्यांनी तो तुकडा तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि बाकीचे वादक विचारायला लागले की तो भुंगा कुठे मिळतो.

पंचाईत अशी की बिघडलेला चॅनल पुढे पुरताच मेला. मग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी तयार केली. बिघाड दुरुस्त करणारे ढिगाने असतात, हा बिघाड बनवणारा! गिब्सन कंपनीने ती १९६२ पासून 'मेस्ट्रो फझ-टोन' म्हणून विकायला काढली. सुरुवातीला धूळ खात पडली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरुवात त्या पेटीतून वाजवली आणि वर्षअखेरीला दुकानांत पेट्या उरल्या नाहीत.

त्यातही पुन्हा घोळ. कीथने ते फझ कच्चं काम म्हणून वाजवलं होतं. तिथे पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोन घालायचे, तोवर जागा धरून ठेवायला हे. बाकीच्यांनी परस्पर तसंच बाजारात सोडलं.

---

अनुस्वार (मंगळवार, सकाळी ९:१५)

आणि ती चालच मुळात कीथला झोपेत सुचलेली. उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता. सकाळी टेप उलटी फिरवून बघतो तर थोडीशी ती चाल आणि पुढे टेप संपेपर्यंत स्वतःचं घोरणं. हे त्यानेच सांगितलंय, मी नाही.

ग्लोव्हर जाग येताना, कीथ झोपेत. आम्ही झोपेत फक्त अलार्म बंद करतो.

---

खडूस_मास्तर (मंगळवार, सकाळी १०:०२)

धागाकर्त्यांचा हेतू स्तुत्य आहे, पण व्याख्या ढिली आहे. 'घोळ' आणि 'प्रयोग' यांत फरक करा, अन्यथा उद्या कुणी किंक्सचं 'यू रिअली गॉट मी' (१९६४) इथे आणून टाकील. तिथे डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागद दाढीच्या पात्याने स्वहस्ते फाडला होता. तो अपघात नव्हे, पूर्वनियोजित हल्ला आहे.

बीटल्सचं 'आय फील फाइन' मात्र चालेल. ऑक्टोबर १९६४, जॉन लेननने गिटार ॲम्पला टेकवून ठेवली आणि ती घोंघावू लागली. जमलेल्या सर्वांना तो आवाज आवडला आणि तो गाण्याच्या आरंभी जोडण्यात आला. पुढे लेनन हे श्रेय मोठ्या अभिमानाने मिरवत असे.

आणि न्यूपोर्टचा बॉब डिलन कुणी आणणार असाल (२५ जुलै १९६५), तर आधीच सांगतो, नको. लोकसंगीताच्या महोत्सवात विजेची गिटार घेऊन तो ठरवून उभा राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो नेमकी कशाची केली, गिटारची, खराब ध्वनीची, की तीनच गाणी वाजवून तो निघाला याची, यावर साठ वर्षं लोक भांडत आहेत. ते भांडण इथे आणू नये.

---

तुटकी_तार (मंगळवार, दुपारी १:२०)

मास्तर, नको नको म्हणत तुम्हीच आणलंत की :)

काका, दंडवत. 'बिघाड बनवणारा' वाचून चहा सांडला.

---

पाचगणी_रिटर्न (मंगळवार, रात्री ८:४०)

धागा झकास, पण एक काडी टाकतो. खरे थोर क्षण घोळातून होत नाहीत, तालमीतून होतात. पुरावा: क्वीन हा बँड, लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीचा कार्यक्रम, १३ जुलै १९८५.

वेम्ब्लीवर सुमारे बहात्तर हजार माणसं, संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला क्वीन स्टेजवर, एकवीस मिनिटं. त्या दिवशी एकाहून एक बँड होते, पण बरेचसे 'जाऊ, वाजवू' अशा थाटात आलेले. क्वीनने लंडनच्या शॉ थिएटरात घड्याळ लावून तालीम केली होती. 'बोहेमियन रॅप्सडी'चं पूर्ण गाणं नाहीच, फक्त पियानोचा पहिला भाग, आणि तिथून थेट 'रेडिओ गा गा'. कुठलं गाणं कुठे कापायचं, कुठे जोडायचं, सगळं मोजून. मग 'गा गा'च्या टाळ्या बघा. बहात्तर हजार हात एकाच वेळी वर. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ती नुसत्या 'ए-ओ' वरची जुगलबंदी, तो एक तान टाकतो, अख्खं मैदान परत करतं.

नावाचं कारण सांगायला हवंच. मी पाचगणीला शिकलो, पण फ्रेडीच्या शाळेत नाही, आमची साधी. तो सेंट पीटर्समध्ये होता. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी पोरगा, फारुख बलसारा, लहानपणीच इथे बोर्डिंगला पाठवलेला. शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा पाच पोरांचा बँड होता, त्यात हा पियानोवर. टेबललँडवर घोड्याच्या रपेटीला आलेल्या पर्यटकांना हे सांगितलं की 'हो का' म्हणतात आणि मक्याच्या कणसाचा भाव विचारतात.

---

अनुस्वार (मंगळवार, रात्री ९:०५)

तुमच्याच लाइव्ह एडमधले घोळ तुम्ही सोयीस्कर गाळलेत. हू या बँडचं 'माय जनरेशन' चालू असताना प्रक्षेपण बंद पडलं, तेही विरून जाण्याबद्दलच्या ओळीवर, आणि खरोखरच ते विरून गेले! शेवटी पॉल मॅकार्टनी पियानोवर 'लेट इट बी' गायला बसला तर माईक मेलेला. जवळजवळ दोन मिनिटं तो गातोय आणि पोचत नाहीये. खालच्या लोकांनी गाणं उचलून धरलं. मला क्वीनइतकंच ते लक्षात राहिलंय.

---

साऊंडवाला_काका (मंगळवार, रात्री ११:३०)

त्या दोन मिनिटांत साऊंडवाल्याच्या पोटात काय होतं ते लिहून सांगता येत नाही. कानाला हेडफोन, एका हाताने फेडर वर, दुसऱ्या हाताने कॉर्डच्या दिशेला पोरगं पळवायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

पाचगणीवाले, तालमीचं मान्य. पण फ्रेडीच्या हातात काय होतं ते बघा. माईकचा अर्धाच स्टँड. खालचा जड भाग नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात स्टँड मध्येच तुटला, वरचा तुकडा हातात राहिला, आणि त्याला तो इतका आवडला की पुढे आयुष्यभर तोच. तालीम कितीही करा, हातात तुटका दांडाच होता.

---

पाचगणी_रिटर्न (बुधवार, सकाळी ७:५५)

काका, हरलो.

---

निळावंती (बुधवार, दुपारी ३:१०)

मी सहसा वाचनमात्र असते. पण काल रात्रीपासून हे डोक्यात आहे.

ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय सतरा. युरोपात वाजवायला जायची संधी आली म्हणून नोकरी सोडलेली, त्या दिवशी शेवटची पाळी. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जाणारच नव्हता. आईने सांगितलं, शेवटचा दिवस आहे, नीट पुरा करून ये. नेमका त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला त्या मशीनवर उभं केलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं प्रेसमध्ये गेली, टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा.

माझे बाबा भोसरीत प्रेस शॉपला होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची तर्जनी पहिल्या पेरापासून नाही. माझ्या लहानपणी ते शर्टाची वरची गुंडी लावताना अंगठा आणि मधलं बोट वापरायचे, आणि मला वाटायचं की सगळे पुरुष अशीच गुंडी लावतात. शाळेत एकदा सरांनी खडू तर्जनीत धरलेला बघून मी घरी येऊन विचारलं होतं. तेव्हा आईने सांगितलं.

म्हणून आयोमीने पुढे जे केलं ते मला फार जवळचं वाटतं. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी वाजवणारा गिटारवादक. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या टोकांसाठी टोपणं केली, घासून घासून बसवली आणि त्यांना जुन्या जाकिटाच्या चामड्याचे तुकडे चिकटवले. टोपणाला तार कळत नाही, किती दाबलं ते समजत नाही. जाड तारा दुखायच्या, म्हणून हलक्या लावल्या. त्या काळी गिटारला इतक्या हलक्या तारा मिळत नसत, तर बँजोच्या आणल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली उतरवला, म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर तो दीड स्वर खाली गेलेला ऐका. हेवी मेटलचा तो जड, चिखलात पाय रुतावा तसा आवाज, त्यातला बराचसा दुखऱ्या बोटांना आराम देण्यासाठी झालाय.

याला घोळ म्हणवत नाही. पण धाग्यात बसतं, म्हणून लिहिलं.

---

तुटकी_तार (बुधवार, दुपारी ४:००)

निळावंती, बसतं. वाचनमात्र राहू नका.

---

साऊंडवाला_काका (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

ताई, वाचून गप्प झालो. बाबांना नमस्कार सांगा.

---

काड्यासम्राट (बुधवार, रात्री १०:१५)

कीथ जॅरेट, कलोन, २४ जानेवारी १९७५. चुकीचा पियानो आणून ठेवलेला, छोटा, वरचे सूर पत्र्यासारखे, पेडल धड नाही. तो वाजवायला तयार नव्हता, आयोजक पोरीने गयावया करून बसवला. रेकॉर्ड झाली एकट्या पियानोची सर्वांत जास्त खपलेली. विषय संपला, धाग्याला कुलूप लावा.

---

खडूस_मास्तर (बुधवार, रात्री १०:२२)

ते जॅझ आहे. शीर्षक वाचा.

---

काड्यासम्राट (बुधवार, रात्री १०:२३)

मास्तर सात मिनिटांत आले. मी पाच धरली होती.

---

तंबोरेवाले (गुरुवार, सकाळी ११:४०)

आम्ही मिरजेचे. घरात तीन पिढ्या तंबोरे, सतारी. रॉकमधलं फारसं कळत नाही, पण एक गोष्ट वडील नेहमी हसत सांगायचे ती लिहितो.

१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन यांनी केलेला कार्यक्रम. दुपारी एक, रात्री एक, दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास श्रोते. सुरुवातीला आपलं संगीत: रविशंकर सतारीवर, अली अकबर खाँसाहेब सरोदवर, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. बसले आणि वाद्यं लावायला घेतली. दीडेक मिनिट झालं, थांबले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं पहिला तुकडा झाला! रविशंकर शांतपणे म्हणाले की आमचं नुसतं लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे.

लोक हे हसण्यावारी नेतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यात वेगळं दिसतं. सतारीला वरच्या तारा सहा-सात, आणि पडद्यांखाली तरफेच्या अकरा ते तेरा. स्टेजवरच्या दिव्यांची धग लागली की तार सैलावते, खुंटीचं लाकूड हलतं. घरून कितीही लावून न्या, तिथे बसून पुन्हा लावावीच लागते. मिरजेत गिऱ्हाईक सतार घ्यायला आलं की वडील आधी लावत बसायचे, चांगली दहा-पंधरा मिनिटं, आणि त्या वेळात गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचे. जो तेव्हा मोबाइल काढतो त्याला साधी दाखवायची. त्या हिशेबाने न्यूयॉर्कचे ते वीस हजार श्रोते चांगल्या सतारीचे गिऱ्हाईक निघाले. दीड मिनिट कान देऊन ऐकलं आणि वर टाळ्याही दिल्या.

---

कोकणकडा (गुरुवार, दुपारी १२:३०)

वाह. त्या कार्यक्रमाचा कागदोपत्री घोळ मात्र वाईट होता. आधीपासून धर्मादाय म्हणून नीट नोंद न केल्याने अल्बमचे आणि सिनेमाचे लाखो डॉलर अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले.

---

फोर्टातला_बाबू (गुरुवार, रात्री ९:५०)

हॅरिसनचा विषय निघालाच आहे तर आमच्या गल्लीतला घोळ.

माझं ऑफिस फोर्टात. रोज फिरोजशहा मेहता रोडने जातो. तिथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन तिथे येऊन बसला, 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत करायला. आपले वादक: संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर केंकरे, शिवाय रिजराम देसाद. स्टिरिओची सोय नव्हती, तर भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं मशीन आणवलं. आणि स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज यायचा! पुढे जॉर्जनेच सांगितलंय की त्यातल्या भारतीय तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर टॅक्सी जाताना ऐकू येतात.

बीटल्समधल्या कुणाही एकट्याचा हा पहिला अल्बम. म्हणजे त्यात पाहुणे कलाकार म्हणून मुंबईच्या काळ्यापिवळ्या आहेत. त्याच मुक्कामात उरकलेल्या एका ट्रॅकवर जॉर्जने लंडनला जाऊन शब्द चढवले, ते 'दि इनर लाइट', मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं हे पहिलं गाणं.

मी हेडफोन लावून तीन रात्री टॅक्सी शोधतोय. काल एक हॉर्न सापडला. बायको म्हणाली, खिडकी उघडी आहे.

---

अनुस्वार (गुरुवार, रात्री १०:१०)

=)) =))

बीटल्सचंच एक. ३० जानेवारी १९६९, लंडनमधल्या सॅव्हिल रोवरच्या कचेरीची गच्ची. बेचाळीस मिनिटं, त्यांचा लोकांसमोरचा शेवटचा कार्यक्रम. वारं इतकं की माईकमधून घोंगावत होतं. ॲलन पार्सन्स या पोरसवदा साहाय्यकाला बायकांचे लांब मोजे आणायला दुकानात पिटाळलं आणि ते माईकना चढवले. थंडीने जॉन लेनन त्याच्या मैत्रिणीच्या, योकोच्या, फरच्या कोटात, ड्रमवाला रिंगो त्याच्या बायकोच्या लाल रेनकोटात. पोलीस आले ते अगदीच सभ्य निघाले. आपल्याला ड्रमवरून फरफटत नेतील आणि कॅमेऱ्यात झकास दिसेल अशी रिंगोची आशा होती, ती फुकट गेली.

---

साऊंडवाला_काका (शुक्रवार, पहाटे ५:३५)

मोज्याचं आम्हीही केलंय, स्पंज मिळेना तेव्हा. वाईत कृष्णेच्या घाटावर. कुणाचे ते विचारू नका.

जाता जाता माझा सगळ्यांत लाडका. १९७९, लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम. ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅडगम. मिक्सरला एक जास्तीचा माईक होता, छताला टांगलेला. त्याचं काम एवढंच की काचेपलीकडचे वादक काय बोलतायत ते इंजिनिअरला कळावं. कोपऱ्यात कुणी पुटपुटलं तरी ऐकू यावं म्हणून त्यावर जबरदस्त कॉम्प्रेशन: बारीक आवाज उचलायचा, मोठा दाबायचा. कॉलिन्स ड्रम बडवत असताना पॅडगमने ते बटण दाबलं, आणि स्पीकरमधून भिंत कोसळल्यासारखं आलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

अडचण ही की तो माईक रेकॉर्ड करायची सोयच नव्हती, तो फक्त बोलणं ऐकण्यापुरता. मिक्सरची वायरिंग बदलून घेतली. वर नॉइज गेट लावला. म्हणजे आवाज घुमायला लागतो न लागतो तोच दार धाडकन बंद. घुमारा कापल्यासारखा थांबतो. गॅब्रिएलच्या 'इंट्रूडर'वर तो १९८० मध्ये आला, आणि १९८१ च्या कॉलिन्सच्या 'इन दि एअर टुनाइट'ने घराघरांत पोचवला. साडेतीन मिनिटं गाणं नुसतं रेंगाळतं आणि मग ड्रमचा तो तुकडा येतो, धडाड धडाड. त्यानंतरचं दशकभर जिकडेतिकडे ड्रम तसेच. आमच्या ऑर्केस्ट्राचा ऑक्टोपॅडवाला सुद्धा लग्नाच्या हॉलमध्ये तो आवाज लावायचा. नवरीची आजी एकदा दचकून उठून बसली होती.

ते बटण माझ्याही मिक्सरला आहे. टॉकबॅक. बावीस वर्षं मी त्यातून फक्त 'चहा सांगा' ऐकलंय.

---

पाचगणी_रिटर्न (शुक्रवार, सकाळी ८:१५)

अमेरिकेतला वुडस्टॉकचा संगीत महोत्सव राहिला. १५ ऑगस्ट १९६९, रस्ते तुंबलेले, बाकीचे बँड वाटेतच अडकलेले. आलेल्या रिची हेव्हन्सला आधी चढवलं आणि मग उतरूच देईनात. जवळची गाणी संपली. तेव्हा त्याने एका जुन्या निग्रो भजनाला धरून 'फ्रीडम, फ्रीडम' करत जागच्या जागी गाणं रचलं. लोकांना आज तेच आठवतं. हे तालमीशिवायचं, बिनशर्त मान्य.

---

खडूस_मास्तर (शुक्रवार, सकाळी ९:३०)

धागा विषयाला धरून राहिला, हे या संस्थळावरचं नवल आहे. वाचनखूण साठवली.

---

नवशिका_नील (शुक्रवार, रात्री ११:२०)

काका, जमलं!! दोन तारा, चिमटीत. पहिल्यांदा तसंच्या तसं वाजलं. मित्राचा जुना ॲम्प आणलाय, त्याचा स्पीकर थोडा फाटलाय. बदलायचा होता, आता राहू दे म्हटलं.

खालच्या मजल्यावरचे काका वर आलेत. बेल वाजवतायत. घरात एकटाच आहे, दार धरायला रोडी नाहीत. टेक संपवून उघडतो.